हीट पंपावर पाणी तापवायचंय? आधी बादल्या मोजा

हीट पंप म्हणजे उलटा फ्रिज. फ्रिज आतल्या खणांमधली उष्णता उपसतो आणि मागच्या बाजूने स्वयंपाकघरात सोडतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता उपसतो आणि टाकीतल्या पाण्यात सोडतो. गिझरमध्ये विजेची थेट उष्णता होते, म्हणून एक युनिट विजेतून एक युनिटच उष्णता मिळते. हीट पंपात वीज खर्च होते ती कॉम्प्रेसर आणि पंखा फिरवायला. उष्णता हवेतून फुकट येते. त्यामुळे एका युनिटमागे तीन-साडेतीन युनिट उष्णता पाण्यात जाते. या गुणोत्तराला सीओपी म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, कारण विक्रेता तो दहा वेळा तुमच्या तोंडावर फेकणार आहे.

मात्र हे यंत्र निवांत आहे. २ किलोवॉटचा १५ लिटरचा गिझर वीस मिनिटांच्या आत पाणी कढत करतो. हीट पंपाला २०० लिटरच्या टाकीसाठी तीन तास लागतात. बंबाच्या काळात पाणी तापायला वेळ लागतो हे घरात सगळ्यांना ठाऊक असायचं. बटण दाबलं की गरम पाणी, ही सवय गिझरने लावली. हीट पंप बसवल्यावर होणाऱ्या निम्म्या तक्रारी या सवयीतून येतात आणि उरलेल्या बऱ्याचशा यंत्राला पुरेशी हवा न मिळाल्यामुळे. म्हणून पुढची प्रत्येक पायरी फिरून फिरून या दोन गोष्टींवरच येते.

पहिली पायरी: घ्यायचा की नाही

हिशेबाला एकच सूत्र पुरतं. लिटर गुणिले वाढवायचे अंश, भागिले ८६०. उत्तर येतं ते उष्णतेची युनिट.

चार माणसांचं घर, प्रत्येकी वीस लिटरची एक बादली, वर हात-भांडी धरून रोज १०० लिटर. नळाचं पाणी २४ अंश, अंघोळीचं ४०. म्हणजे १०० × १६ ÷ ८६० = साधारण १.९ युनिट. गरजेपुरता चालू केलेला छोटा गिझर यासाठी दोन युनिट घेतो. हीट पंपाच्या मोठ्या टाकीतून दिवसभरात एक-सव्वा युनिट उष्णता भिंतींमधून निघून जाते, ती भरून काढावी लागते. ते धरूनही त्याला ०.९ युनिटच्या आसपास वीज लागेल. वाचलं किती? रोज एक-सव्वा युनिट. दहा रुपये युनिट धरलं आणि वर्षातले आठ महिने गरम पाणी लागतं असं मानलं, तर वर्षाला अडीच हजार रुपयांच्या आसपास. एवढ्यासाठी हीट पंप घेऊ नका. या घराने जुन्या गिझरचा थर्मोस्टॅट कमी केला आणि बादलीवर अंघोळ चालू ठेवली, तर तेच शहाणपणाचं.

आता दुसरं घर. बंगला, सहा माणसं, सगळ्यांना शॉवर. मिनिटाला आठ लिटरचा शॉवर आठ मिनिटं चालला की माणशी ६४ लिटर. स्वयंपाकघर धरून रोज ४२० लिटर. ४२० × १६ ÷ ८६० म्हणजे ७.८ युनिट उष्णता. दोन-तीन गिझर मिळून साडेआठ युनिट खातात. हीट पंप टाकीतली गळती धरून २.८ युनिटमध्ये काम उरकतो. रोजचा फरक ५.७ युनिट. असं घर बहुधा वीजदराच्या वरच्या स्लॅबमध्ये असतं, तिथे चौदा रुपये युनिट धरलं तर वर्षाला एकोणीस हजार वाचतात.

तुमचा आकडा काढताना बिलाची सरासरी धरू नका. वाचणारी युनिटं शेवटच्या, म्हणजे सर्वांत महाग स्लॅबमधून कमी होतात, तोच दर लावा. मग हीट पंप, प्लंबिंग आणि वायरिंगचा सगळा खर्च या वार्षिक बचतीने भागा. उत्तर पाच वर्षांच्या आत आलं तर पुढे जा. आठच्या वर गेलं तर पैसे दुसरीकडे लावा.

गच्चीवर चालू सौर बंब असेल तर तो काढू नका. जून ते सप्टेंबर त्याला ऊन मिळत नाही तेव्हा आतलं हीटिंग एलिमेंट गुपचूप चालू असतं आणि पावसाळ्याची बिलं त्यामुळेच फुगतात. त्या एलिमेंटच्या जागी हीट पंप जोडता येतो का, एवढंच विचारा. गच्चीचा हक्क नसलेल्या फ्लॅटवाल्यांना मात्र हीट पंप सोयीचा, कारण त्याला ऊन लागत नाही, नुसती हवा लागते. पावसाळी दमट हवा तर त्याला मानवते. हवेतली उष्णता घेणाऱ्या कॉइलवर बाष्पाचं पाणी होताना जी उष्णता सुटते, तीही टाकीत जाते.

दुसरी पायरी: टाकी किती मोठी

इथे आपल्या विसणाचा हिशेब कामाला येतो. टाकीत पाणी ५२ अंशांचं, नळाला २४ चं, अंगावर घ्यायचं ४० चं. मिश्रणात गरम पाण्याचा वाटा (४० − २४) ÷ (५२ − २४), म्हणजे ०.५७. बाकीचं विसण. थंडीत नळाचं पाणी १८ अंशांवर उतरतं, तेव्हा हाच वाटा ०.६५ होतो.

टाकी ठरवायची ती दिवसभराच्या वापरावर नाही, सकाळच्या गर्दीवर. वरच्या बंगल्यात सकाळी सहा ते आठमध्ये चौघं अंघोळ करतात असं धरू. ४ × ६४ = २५६ लिटर. हिवाळ्यात त्यातलं गरम १६६ लिटर. टाकीत खालून थंड पाणी शिरत राहतं, त्यामुळे २०० लिटरच्या टाकीतून खरं गरम पाणी १६० लिटरच मिळतं. म्हणजे चौथ्या माणसाचं शेवटचं मिनिट थंड! उपाय दोन. २५० किंवा ३०० लिटरची टाकी घ्यायची, किंवा डिसेंबर-जानेवारीत तापमान ५५ वर ठेवायचं. ५५ ला गरम पाण्याचा वाटा ०.६ वर येतो आणि १५० लिटरमध्ये काम होतं. पाहुणेरावळे क्वचितच येत असतील तर दुसरा उपाय स्वस्त.

बादलीवर अंघोळ करणाऱ्या सहा माणसांच्या घराला १५० लिटर पुष्कळ. "थोडी मोठीच घेऊन ठेवा" हा सल्ला ऐकू नका. न वापरलेलं गरम पाणी रोज थंड होतं आणि रोज पुन्हा तापवावं लागतं.

तिसरी पायरी: यंत्राची निवड

प्रकार दोन. एकसंध यंत्रात टाकीच्या डोक्यावरच कॉम्प्रेसर आणि पंखा बसवलेला असतो. दुसऱ्या प्रकारात एसीसारखं बाहेरचं युनिट वेगळं आणि टाकी वेगळी. एकसंध यंत्र बसवायला सोपं, आत फिरणाऱ्या गॅसची नळी जागेवर जोडावी लागत नाही, म्हणून गळतीची शक्यता कमी. वेगळ्या प्रकारात आवाज घराबाहेर राहतो आणि टाकी बाथरूमजवळ ठेवता येते. जागा देत असेल तर नवख्याने एकसंधच घ्यावं.

माहितीपत्रकात "सीओपी ४.५" असं ठळक छापलेलं असतं. विचारायचा प्रश्न: किती अंशांच्या हवेत, आणि पाणी किती अंशांपर्यंत तापवून? ३५ अंशांच्या हवेत पाणी ४५ पर्यंत नेलं की कुठलंही यंत्र हुशार दिसतं. तुम्हाला हवा तो आकडा २० अंश हवेतला आणि ५५ अंश पाण्याचा. तो ३ च्या वर असला की यंत्र चांगलं.

आत फिरणारा वायूही विचारा. आर-१३४ए हा जुना आणि मुरलेला, पण गळला तर हवामानाला त्याचा ताप कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त. आर-३२ चा त्याच्या निम्म्याने. आर-२९० म्हणजे प्रोपेन, त्याचा ताप नगण्य, पण तो पेट घेतो. म्हणून ते यंत्र बंद खोलीत किंवा शेगडीजवळ नको, आणि त्याला हात लावणारा तंत्रज्ञ त्या वायूचं प्रशिक्षण घेतलेलाच हवा. आर-७४४ म्हणजे साधा कार्बन डायऑक्साइड. जपानमध्ये २००१ पासून त्यावरचे घरगुती हीट पंप 'इकोक्यूट' नावाने विकले जातात.

टाकी काच-लेपाची असेल तर आत मॅग्नेशियमचा रॉड असलाच पाहिजे, तो स्वतः झिजतो आणि टाकीला गंजापासून वाचवतो. स्टीलची असेल तर कोणतं स्टील ते विचारा. बोअरच्या पाण्यात क्लोराइड जास्त असलं की ३०४ स्टीलला वेल्डच्या रेषेवर बारीक भोकं पडतात, ३१६ बरंच तग धरतं. कंडेन्सरची, म्हणजे पाण्याला उष्णता देणारी, कॉइल टाकीच्या बाहेरून गुंडाळलेली असावी. पाण्यात बुडालेल्या कॉइलवर क्षार चढतात आणि उष्णता अडते.

चौथी पायरी: जागा

२०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, वर यंत्र ७०-९० किलोचं. पावणेतीनशे-तीनशे किलो वजन अर्ध्या चौरस मीटरवर येतं. ड्राय बाल्कनीचा स्लॅब जुना, बाहेर आलेला किंवा खालून प्लॅस्टर सुटलेला असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. टाकी तुळईच्या वर किंवा भिंतीला लागून ठेवा, बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला नको.

दुसरी गोष्ट हवा. यंत्र तासाला काहीशे घनमीटर हवा आत ओढतं आणि सहा-आठ अंश थंड करून सोडतं. खिडक्या बंद केलेल्या ड्राय बाल्कनीत तीच थंड हवा फिरून पुन्हा आत जाते, तापमान उतरत जातं आणि सीओपीही घसरतो. एकसंध यंत्र बंद जागेत ठेवायचंच असेल तर खोली किमान २०-२५ घनमीटरची हवी, म्हणजे साधारण आठ फूट × दहा फूट × दहा फूट. तेवढी नसेल तर बाहेर फेकायच्या हवेला पाइप लावून ती खिडकीबाहेर काढा. हवा आत येते त्या बाजूला भिंतीपासून निदान एक फूट आणि बाहेर पडते त्या बाजूला दीड-दोन फूट मोकळे ठेवा.

ड्राय बाल्कनीत कपडे वाळत घालायचे असतात, हे प्लंबर विसरतो. कपड्यांचे धागे आणि तंतू कॉइलच्या पातळ पत्र्यांमध्ये अडकतात आणि चार महिन्यांत तिथे गोधडी तयार होते. जाळी लावा आणि ती सहज काढता येईल अशी लावा. कबुतरांसाठी वेगळी जाळी. नाहीतर पिसं आणि विष्ठा पंख्यापर्यंत पोचतात.

गच्चीवर ठेवत असाल तर वर छप्पर करा, पण बाजू मोकळ्या सोडा. छपराने ऊन-पावसापासून नियंत्रण पॅनेल वाचतं. यंत्र स्लॅबवर थेट नको, चार इंचाच्या ओट्यावर आणि रबरी पॅडवर. रबर नसेल तर कॉम्प्रेसरची घरघर खालच्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये उतरते आणि सोसायटीच्या बैठकीत विषय निघतो.

कोकणात आणि गोव्यात किनाऱ्याजवळ खारी हवा कॉइलचे ॲल्युमिनियमचे पत्रे खाते. तिथे लेप दिलेल्या पत्र्यांचंच यंत्र मागा आणि महिन्यातून एकदा साध्या पाण्याने कॉइल धुवा.

पाचवी पायरी: प्लंबिंग

थंड पाण्याच्या बाजूने क्रम असा: बंद-चालू करायचा बॉल व्हॉल्व्ह, मग वाय-गाळणी, दाब जास्त असेल तर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, मग नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारा), मग एक्स्पान्शन टँक (तापून फुगलेलं पाणी सामावणारा) आणि सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब वाढला की पाणी सोडणारा), आणि शेवटी टाकीचं तोंड. टाकी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्यामध्ये दुसरा कोणताही व्हॉल्व्ह नको. कुणीतरी तो चुकून बंद करतो आणि टाकीचा प्रेशर कुकर होतो, शिट्टी नसलेला.

दाबाचा हिशेब सोपा. गच्चीवरच्या टाकीपासून दर मीटर उतारामागे ०.१ बार. वीस मजली इमारतीच्या तळमजल्यावर सहा बार भरतात, तिथे दाब तीन बारवर आणायलाच हवा. उलट बंगल्यात वरच्या मजल्यावर टाकी फक्त तीन मीटर उंच असते, म्हणजे ०.३ बार. शॉवरची धार करंगळीएवढी. तिथे लोक प्रेशर पंप बसवतात. तो थंड आणि गरम दोन्ही लाइनना एकत्र जोडा. फक्त थंड लाइनला जोडला तर मिक्सरमध्ये थंड पाणी गरम पाण्याला मागे ढकलतं आणि शॉवर कधी कोमट, कधी गार.

पंप नसलेल्या साध्या जोडणीत हवेची नळी काढतात. ती गच्चीवरच्या टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच गेली पाहिजे. अशा जोडणीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकायचा नाही, कारण तापून फुगलेलं पाणी मागे वरच्या टाकीकडे सरकतं. पुढे कधी प्रेशर पंप आला तर हवेची नळी बंद करून सेफ्टी व्हॉल्व्हची पूर्ण जोडणी करावी लागते, एवढं लिहून ठेवा.

गरम लाइन सीपीव्हीसीची किंवा पीपीआरची. पांढरा यूपीव्हीसी पाइप गरम पाण्याला मऊ पडतो आणि वाकतो. पितळ, तांबं आणि लोखंडी जीआय थेट जोडू नका, मध्ये डायलेक्ट्रिक युनियन घाला, म्हणजे दोन धातूंना अलग ठेवणारा जोड. नाहीतर सांध्यापाशी जीआय सहा महिन्यांत गंजायला लागतो.

गरम पाइपवर १३ मिमी नायट्राइल रबराची नळी चढवा, गच्चीवर १९ मिमी. उन्हात ती दोन वर्षांत भुगा होते, म्हणून वर ॲल्युमिनियमची टेप किंवा पत्रा. आणि टाकी ते बाथरूम अंतर कमी ठेवा. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपात दर मीटरला पाव लिटर पाणी मावतं. बारा मीटर अंतर असेल तर प्रत्येक अंघोळीआधी तीन लिटर गार पाणी सोडून द्यावं लागतं. त्यासाठी शॉवरखाली बादली ठेवणारी घरं आहेत आणि ती बरोबर करतात.

शेवटचं: कॉइलवर जमणारं पाणी. पावसाळ्यात २०० लिटर तापवताना दीड-दोन लिटर, हवा फारच दमट असेल तर तीन-चार लिटर पाणी ठिबकतं. त्याची नळी उताराने मोरीत सोडा आणि तिच्यात वर-खाली वाकण ठेवू नका. वाकणात शेवाळ बसतं आणि पाणी उलटं पॅनेलवर येतं.

सहावी पायरी: वीज

कॉम्प्रेसर ६००-९०० वॉटचा, जोडीला गिझरसारखं दीड-दोन किलोवॉटचं एलिमेंट. दोन्ही एकदम चालू झाले तर दहा-बारा अँपिअर. यासाठी डीबीपासून (घरातल्या मुख्य वीज-बोर्डापासून) वेगळी लाइन काढा: २.५ चौरस मिमी तांब्याची वायर, अंतर वीस मीटरच्या वर असेल तर ४ चौरस मिमी, १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा). अर्थिंग आहे याची मीटरने खात्री करा. तिसऱ्या पिनला वायर दिसते म्हणून अर्थिंग आहे असं समजू नका.

तीन गिझर काढून एक हीट पंप आला की घरातला एकदम येणारा भार सहा किलोवॉटवरून दोन-तीनवर येतो. गावाकडे संध्याकाळी दाब १८० व्होल्टपर्यंत उतरत असेल तर स्टॅबिलायझर लावा. कमी दाबात कॉम्प्रेसर सुरू होताना जास्त करंट ओढतो आणि वायंडिंग तापतं. यंत्र इन्व्हर्टरच्या लाइनवर घेऊ नका.

सातवी पायरी: पहिल्या दिवशी सीओपी स्वतः मोजा

यंत्र टेम्पोतून आडवं आणलं असेल तर उभं करून २४ तास तसंच ठेवा. कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांमध्ये गेलेलं असतं, ते खाली उतरू द्या.

मग आधी पाणी, मागून वीज. घरातला सर्वांत वरचा गरम नळ उघडा, थंड व्हॉल्व्ह सोडा. नळातून फुरफुर करत हवा येईल, मग धार सलग होईल. तेव्हाच नळ बंद करा. पाण्याशिवाय वीज दिली तर एलिमेंट काही सेकंदांत जळतं आणि ते वॉरंटीत बसत नाही.

आता चाचणी. यंत्राच्या लाइनवर छोटा एनर्जी मीटर लावून ठेवा, साधा डीआयएन रेलवर, म्हणजे एमसीबीच्या पट्टीवर, बसणारा. टाकी पूर्ण थंड आहे, नळाच्या पाण्यात थर्मामीटर धरला, आला २६. एलिमेंट बंद, फक्त कॉम्प्रेसर मोडवर, ५२ अंशांवर सोडा. काम संपल्यावर मीटर वाचा. २०० × २६ ÷ ८६० = ६.०५ युनिट उष्णता पाण्यात गेली. मीटरवर १.८ युनिट असेल तर सीओपी ३.४, उत्तम. २.२ आले तर हवेचा मार्ग तपासा. ३ च्या पुढे गेले तर एलिमेंट चालू होतं किंवा वायू कमी आहे. बसवणारा माणूस अजून घरात असतानाच हे करा. तो गेल्यावर फोनवर "सगळी यंत्रं अशीच असतात" हे उत्तर मिळतं.

आठवी पायरी: वेळ आणि तापमान लावणं

पुण्यात जानेवारीत पहाटे हवा ११-१२ अंश असते आणि दुपारी २९-३०. त्याच यंत्राला दुपारी तापवायला सांगितलं की निवांतपणे, कमी विजेत काम होतं. म्हणून टायमर दुपारी १२ ते ४ लावा. "सकाळपर्यंत गार होईल की!" असं वाटतं, पण हिशेब पाहा. चांगल्या पफच्या, म्हणजे फोमच्या आवरणाच्या, टाकीतून रात्रभरात पाऊण युनिट उष्णता जाते, २०० लिटरमध्ये त्याने तापमान तीन-साडेतीन अंश उतरतं. संध्याकाळीही अंघोळी होत असतील तर पहाटे नाही, संध्याकाळी सहाला दुसरी फेरी लावा.

गच्चीवर सोलर पॅनेल असतील तर दुपारची वेळ दुहेरी फायद्याची. एक किलोवॉटच्या पॅनेलवर रोज चार युनिटच्या आसपास वीज होते. हीट पंपाची रोजची भूक त्यात भागते.

तापमान ५० ते ५२ पुरे. प्रत्येक जादा अंशाला अंदाजे दोन टक्के जास्त वीज लागते. आठवड्यातून एकदा मात्र ६० वर नेऊन तासभर ठेवा. २० ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतो, ६० ला मरतो. त्या दिवशी घरातल्या लहान मुलांना आणि आजी-आजोबांना नळाखाली एकटं सोडू नका. ६० अंशांच्या पाण्याने पाच सेकंदांत त्वचा भाजते.

बिघाड आणि त्यांची मुळं

सर्वांत जास्त फोन येतात ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकणाऱ्या पाण्यासाठी. २५ वरून ५५ वर गेलेलं २०० लिटर पाणी सव्वादोन लिटरने फुगतं. मागे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे, पुढे नळ बंद आहेत, मग ते पाणी सेफ्टी व्हॉल्व्हमधूनच येणार. व्हॉल्व्ह खराब झालेला नाही, तो नेमून दिलेलं काम करतोय. उपाय म्हणजे ८ ते १२ लिटरचा एक्स्पान्शन टँक. पण बऱ्याच घरांत प्लंबर "लीकेज बंद करतो" म्हणत त्या तोंडाला डमी, म्हणजे बूच, ठोकतो. तशी डमी दिसली तर त्याच क्षणी वीज बंद करा आणि ती काढल्याशिवाय चालू करू नका. दिवसरात्र सतत गळत असेल तर वेगळी गोष्ट: व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकलाय, किंवा येणारा दाबच जास्त आहे. दांडी उचलून दहा सेकंद पाणी सोडा, कचरा बहुधा निघून जातो.

बिल कमीच झालं नाही? पॅनेलवर मोड पाहा. 'बूस्ट' किंवा 'हायब्रिड' मोडवर एलिमेंट आपोआप लागतं. पाहुण्यांसाठी एकदा बूस्ट लावला आणि तो वर्षभर तसाच राहिला, असं नेहमी होतं.

पाणी सगळ्याच नळांना कोमट येतं, पण पॅनेल ५२ दाखवतं. यंत्राचा दोष नाही. घरातला एखादा मिक्सर आतून झिजलाय, किंवा गरम-थंड जोडलेल्या हॅण्ड शॉवरचा वरचा नळ उघडा ठेवून फक्त तोंड बंद केलंय. तिथून थंड पाणी गरम लाइनमध्ये शिरतं. टाकीचा थंड व्हॉल्व्ह बंद करून गरम नळ उघडा. तरीही पाणी येत राहिलं तर ते कुठल्यातरी मिक्सरमधून येतंय. एकेका बाथरूमचा थंड कॉक बंद करत चोर शोधा.

पाण्याला सडक्या अंड्याचा वास, तोही फक्त गरम पाण्याला: बोअरच्या पाण्यातले जिवाणू आणि मॅग्नेशियमचा रॉड यांची ती करामत. टाकी एकदा ६० अंशांवर नेऊन रिकामी करा. वास परत आला तर ॲल्युमिनियम-झिंकचा रॉड बसवून घ्या.

कॉइलवर बर्फ: निफाडसारख्या ठिकाणी कडाक्याच्या थंडीत पहाटे दिसला आणि थोड्या वेळाने आपोआप वितळला, तर यंत्र डीफ्रॉस्ट करतंय, चिंता नको. भर दुपारी बर्फ दिसला तर जाळी तुंबलीय किंवा वायू कमी झालाय. वायू गळल्याशिवाय कमी होत नाही. गळती न शोधता नुसता गॅस भरून देणाऱ्याला परत पाठवा.

आणि पॅनेल अचानक बंद: झाकण उघडल्यावर आत पाल सापडते. वायर आत जाते त्या भोकांना रबरी ग्रोमेट लावा.

वर्षभराची देखभाल

हवेची जाळी दर महिन्याला, वाय-गाळणी तीन महिन्यांनी, सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी सहा महिन्यांनी. वर्षातून एकदा खालच्या कॉकमधून दहा-पंधरा लिटर पाणी बादलीत काढा. तळाशी पांढरी भुकटी बसली तर क्षार जमतायत. बोअरचं पाणी असेल तर येणाऱ्या लाइनवर सॉफ्टनर बसवण्याचा विचार करा, पण मऊ पाण्यात रॉड लवकर झिजतो, म्हणून तो वर्षाऐवजी आठ महिन्यांनी पाहा. रॉडची जाडी निम्म्यावर आली किंवा मधली तार दिसू लागली की बदला. खरेदीच्या वेळीच विचारून ठेवा की रॉड वरून निघतो का बाजूने, आणि वरून निघत असेल तर टाकीवर तेवढी उंची मोकळी सोडली आहे का. ड्राय बाल्कनीत छताला टेकवून बसवलेल्या टाकीचा रॉड काढायचा म्हणजे आख्खी टाकी रिकामी करून सरकवावी लागते.

नागपूर-चंद्रपूरकडे एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलंच पाणी दुपारी हाताला चटका देतं. तेव्हा हीट पंप एमसीबीवरूनच बंद करा. काही यंत्रं ४३-४५ अंशांच्या हवेत उच्च दाबाने स्वतःच थांबतात आणि एरर दाखवतात, तो बिघाड नव्हे. पावसाची पहिली सर आली आणि पुन्हा चालू करायची वेळ झाली, की टाकीत महिनाभर साठलेलं पाणी आधी सोडून द्या, नवीन भरा, ६० अंशांवर एक तास ठेवा, आणि मगच पहिली अंघोळ.